फुफ्फुसातली फांदी

१

बरणी रिकामी होती.

म्हणजे पाणी होतं, गळ्यापर्यंत होतं. पण त्या पाण्यात जे असायला हवं ते नव्हतं. सी तय्यबने बरणी खिडकीच्या उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली, आणि त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. तय्यब म्हणजे कोर्टाचा सीलवाला; ‘सी’ हे लोकांनी मानाने लावलेलं. स्फाक्स शहरातल्या निम्म्या भांडणांवर त्याने लाख ओतली होती आणि त्याचं एकही सील आजवर खोटं निघालं नव्हतं.

“लल्ला वसीला, अल्लाची शपथ! मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता दगड. बोटाएवढा. पोवळ्याची फांदी असते ना, तसे फाटे फुटलेला. मी झाकणावर दोरा बांधला, लाख लावली, कपाटात ठेवली. किल्ली माझ्या कमरेला. बघा, सील जसंच्या तसं आहे.”

दवाखान्याच्या पलंगावरच्या बाईला खोकला येत होता. तिने उशी छातीशी आवळली. छातीचं हाड मधोमध कापून तारेने शिवलेलं, त्यात खोकला म्हणजे जिवंतपणी जहन्नम. तो ओसरल्यावर ती म्हणाली, “गाढवा, तुला दगड सांभाळायला दिला होता की लाख?”

वसीला, सगळ्या शहराची लल्ला म्हणजे बाईसाहेब, आयुष्यभर तपास न्यायाधीश होती. तिच्यासमोर भल्याभल्यांना घाम फुटायचा आणि निवृत्त झाली तरी जिभेची धार काही गेली नव्हती. आता मात्र तिचा सगळा खटला त्या बरणीत होता.

गोष्ट साधी होती. तिच्या पाठीचा मणका मोडला, म्हणून डॉक्टर मुंधिरने त्यात सुईने हाडाचं सिमेंट भरलं. पुढे तिला धाप लागायला लागली. फुफ्फुसाच्या धमनीत काहीतरी अडकलंय असं फोटोत दिसलं. रक्ताची गाठ म्हणून औषधं दिली. ढिम्म फरक पडला नाही. शेवटी डॉक्टर लसआदने छाती उघडली, हृदय यंत्रावर घेतलं, धमनी चिरली आणि आतून तो फाटेवाला दगड काढला. ऑपरेशनला जाण्याआधी वसीलाने एकच अट घातली होती. आतून जे निघेल ते कोर्टाच्या सीलखाली राहील.

अट घालायला कारण होतं. तिची धाकटी बहीण मनूबिया. तिच्याही मणक्यात मुंधिरनेच सिमेंट भरलं होतं. तीही “छातीत कुणी काटा रोवलाय गं” असं म्हणत गेली. हृदय थांबलं, वय झालं होतं, असं मुंधिर म्हणाला, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत तिला माती दिली. कुणी काही तपासलं नाही. वसीलानेही नाही. मग तोच काटा तिच्या स्वतःच्या छातीत रुतला, तेव्हा तिचे डोळे उघडले.

तो दगड हातात असता तर मुंधिरला तिने कोर्टात उभा चिरला असता. आता हातात काय होतं? बरणीभर पाणी आणि तळाशी एक तांबूस पापुद्रा.

“उघडून बघू का?” सी तय्यबने लाखेला नख लावलं.

“हात लावशील तर याद राख!” वसीला ओरडली. “सील शाबूत आणि माल गायब. म्हणजे जे काही झालं ते सील लागायच्या आधी झालं. बस इथे. बरणी मांडीवर घे आणि हलू नकोस.”

२

पहिला आला तो खुद्द मुंधिर. हातात बदामाच्या मिठाईचा डबा, अंगाला अत्तर. हा माणूस मयताला आला तरी लग्नाला आल्यासारखा यायचा.

“कशी आहे माझी लल्ला वसीला? पाठ काय म्हणते?”

“पाठ बरी आहे. पुढून तेवढी फाटलेय मी.”

मुंधिर खळखळून हसला. मग बरणीकडे बघून म्हणाला, “ऐकलं मी. तुझा दगड उडाला म्हणे? बाई गं, दगड नव्हताच तो. हाडाचं सिमेंट फोटोत मिठासारखं पांढरं चमकतं. तुझ्या पाठीत बघ कसं चमकतंय. फुफ्फुसात काही चमकलं का? नाही. जुनी वाळलेली गाठ होती, औषधात आक्रसली. लसआदने अहवालात तेच लिहिलंय.”

“मनूबियालाही गाठच होती का रे?”

त्याचं हसू मावळलं नाही, हे वसीलाने नीट पाहून ठेवलं. “मेलेल्यांना झोपू द्यावं,” तो म्हणाला. “आणि म्हाताऱ्यांनी मिठाई खावी.”

तो गेल्यावर तिने डबा सी तय्यबकडे ढकलला. “घेऊन जा. शेळीला घाल. आणि शेळी मेली तर मला कळव.”

 तिला न्याय वगैरे नको होता. न्याय तिने आयुष्यभर लोकांना वाटला होता. तिला सूड हवा होता. हा माणूस अत्तर न लावता, पट्ट्याशिवाय, कोठडीच्या फरशीवर बसलेला तिला बघायचा होता.

पण मुंधिरने बरणीला हात लावलाच नव्हता. ऑपरेशनच्या दिवशी तो शहरातच नव्हता. हात लावणारे तिघं होते. दगड धुऊन बरणीत टाकणारी नर्स नजाह. वरून औषध ओतून झाकण लावणारा डॉक्टर लसआद. आणि सी तय्यब असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज पढून येईस्तोवर बरणी घेऊन बाकावर एकटी बसलेली इनास.

इनास म्हणजे मनूबियाची मुलगी. वसीलाची सख्खी भाची.

३

नजाह आली ती हात एप्रनआड लपवून. गेली कित्येक वर्षं ती याच दवाखान्यात होती. सकाळी मुंधिरच्या ऑपरेशनला उभी राहायची आणि दुपारी लसआदच्या.

“खरं सांग पोरी, काय पाहिलंस?”

“मी काय सांगणार लल्ला? साहेब म्हणतात गाठ होती.”

“साहेब काय म्हणतात ते भिंतीही सांगतील. तू धुतलास ना तो? हाताला कसा लागला?”

नजाहने दाराकडे पाहिलं. “कडक होता. रक्त धुऊन गेल्यावर… खडीसाखरेसारखा. आरपार दिसत होतं. पण मी हे कोर्टात म्हणणार नाही हं! घरात खाणारी तोंडं आहेत.”

“आणि बरणी काचेची का? इथे तर सगळं प्लास्टिकच्या डब्यांत जातं.”

“निरोप आला, घरून काचेची मागवा म्हणून. मी इनासला कळवलं, तिने आणली. कुणी सांगितलं ते आता आठवत नाही, धावपळ होती.” आणि ती सटकली.

मग लसआद. हा मात्र मुंधिरसारखा नव्हता. कमी बोलायचा, हात नेहमी थंड. त्याने तिची नाडी पाहिली, टाके पाहिले, आणि बरणीकडे पाहायचं टाळलं. त्याची बहीण मुंधिरला दिली होती खरी. पण स्फाक्समध्ये कोण कुणाचा मेहुणा नाही? शिवाय याच माणसाने तिला मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं. त्याच्यावर संशय घेताना तिची तिलाच लाज वाटली.

“लल्ला, मन शांत ठेवा,” तो म्हणाला. “ते पाणी बेसिनमध्ये ओतून द्या आणि बऱ्या व्हा. राग छातीला चांगला नाही.”

“राग आहे म्हणून तर श्वास चाललाय, बाबा.”

संध्याकाळी इनास आली. तिने सूप भरवलं, उशा सारख्या केल्या, आणि मग जे ती रोज म्हणायची तेच म्हणाली. “खाला, सोड ना हे सगळं. आई गेली. तिच्या नावाने कोर्टात चिखल नको. उद्या कुणी म्हणेल कबर उघडा. मला नाही सोसणार.”

“तू बरणी घेऊन एकटी बसली होतीस.”

इनासचा चमचा वाटीतच राहिला. “म्हणजे? तुझा माझ्यावर संशय आहे?”

वसीलाने सुपाची वाटी बाजूला सरकवली. सी तय्यब मांडीवरच्या बरणीकडे बघत बसला. 

४

तरी दुसऱ्या दिवशी इनास आलीच. रक्ताचं नातं, रागावलं तरी सूप घेऊन येतं. दुपारच्या नमाजेआधी ती खिडकीशी बसून नखांचा रंग पुसत होती. नखांवर रंग असला की वजू, म्हणजे नमाजेआधीचं हातपाय धुणं, पुरं होत नाही. बाटली कलंडली. चार थेंब उडाले ते नेमके पलंगाच्या फळीवर ठेवलेल्या वसीलाच्या चष्म्यावर.

“पूस! पूस लवकर!”

इनासने पुसलं, पण पुसताना भिंग आणखीच माखलं. ते मोतीबिंदू झाल्यासारखं दुधाळ झालं आणि बोट लावलं तर बोटाला चिकटायला लागलं.

“आंधळी केलीस मला, भवाने!”

“अगं खाला, काच असेल तर काही होत नाही—”

“काच कुठली! बाजारातला स्वस्तातला चष्मा आहे, प्लास्टिकचा!”

आणि वसीला त्या भिंगाकडे टक लावून बघत राहिली. इनास घाबरून नर्सला हाक मारायला उठली. वसीलाने तिचं मनगट धरलं.

सुई घेण्याआधी तिने मुंधिरला विचारलं होतं, हे सिमेंट म्हणजे असतं तरी काय? तो ऐटीत म्हणाला होता, नावाचंच सिमेंट गं, चष्म्याच्या भिंगातल्या प्लास्टिकचाच भाऊ.

“तय्यब, बरणी वाकडी कर. हळू.”

सी तय्यबने बरणी कलती केली. आतलं पाणी पाण्यासारखं धावलं नाही. साखरेच्या पातळ पाकासारखं आळसावून सरकलं. आणि वरच्या चिठ्ठीवर पक्क्या शाईने लिहिलेलं वसीलाचं नाव एका कडेला फिसकटलं होतं, जणू तिथून एखादा थेंब ओघळला होता.

“ही शाई पाण्याने जाते का रे?”

“छे! पावसात भिजली तरी जात नाही.”

“आणि याने?” तिने इनासच्या बाटलीतल्या पाण्यात भिजलेला बोळा त्याच्यापुढे धरला. सी तय्यबने चिठ्ठीच्या रिकाम्या कोपऱ्यावर आधी त्याच शाईची एक रेघ ओढली, मग बोळा लावला. रेघ फिसकटली.

दगड कुणी चोरलाच नव्हता. तो बरणीत घातला तेव्हाच औषधाच्या जागी नखांचा रंग काढायचं हे पाणी ओतलं होतं. सी तय्यबने मोठ्या दिमाखात सील ठोकलं आणि त्याच्या बंद कपाटात, त्याच्याच पहाऱ्यात, दगड सावकाश विरघळून गेला. म्हणूनच काचेची बरणी हवी होती. प्लास्टिकची डबी असती तर सील लागायच्या आधीच दुधाळून चोरी फुटली असती.

वसीलाने मान वळवली. इनासच्या हातात अजून ती बाटली होती.

“खाला,” इनास हळूच म्हणाली, “ही दवाखान्यातही असते. चिकटपट्टीचा डिंक काढायला.”

“माहीत आहे,” वसीला म्हणाली. पण संशय काही हटेना. बहिणीचा सूड घ्यायला निघाले आणि बहिणीच्याच लेकीला धरायची पाळी आली तर?

५

तिने एक साधी युक्ती केली. आयुष्यभर तिने लोकांना प्रश्न विचारले होते. आता एक काम सांगायचं ठरवलं.

“इनास, या बरणीचं झाकण झिरपतंय असं वाटतंय. तुझी हरिसाची, मिरचीच्या चटणीची बरणी तू घरी घेऊन जा. आतलं सगळं एखाद्या प्लास्टिकच्या डबीत ओतू.”

इनासने डोळे विस्फारले. “प्लास्टिकच्या? खाला, आत्ता तुझा चष्मा गेला ना! तूच तर म्हणालीस आत तेच पाणी आहे.”

वसीलाने कपाळावर हात मारला. पोरीसमोरच सगळं कोडं सोडवलं आणि आता तिचीच परीक्षा घेत होती! छातीत तारा असल्या की डोकंही गंजतं की काय? पण त्याच क्षणी तिचा संशय फिटला. गुन्हेगार असती तर या पोरीने सगळं तोंडावर बोलून दाखवलं नसतं. शाईची रेघ फिसकटली तेव्हा स्वतःची बाटली सरकवून ठेवली असती.

“जा, नजाहला पाठव,” ती म्हणाली. “आणि हे कुणाला बोलू नकोस.”

नजाहला तिने तेच काम सांगितलं. नजाह “बरं लल्ला” म्हणून गेली, प्लास्टिकची डबी घेऊन आली, डबीवर नाव लिहिलं आणि सी तय्यबच्या मांडीवरून बरणी उचलून सरळ लाख फोडायला निघाली. सी तय्यबने किंचाळून बरणी ओढून घेतली.

“अगं बाई, काय झालं? ओता म्हणालात ना?”

“काही नाही, पोरी. डबी तिथेच ठेव आणि जा.”

मग लसआद आला. वसीलाने डबीकडे बोट दाखवलं. “डॉक्टर, तुमचंच ऐकायचं ठरवलंय. मिटवून टाकते. फक्त इनासला तिची बरणी परत हवी, म्हणून आतलं या डबीत ओततोय. तय्यब, फोड लाख.”

“थांबा!” लसआदचा थंड हात सी तय्यबच्या हातावर पडला. “प्लास्टिकमध्ये नको. काचेतच राहू दे.”

“का रे बाबा?”

“ते… फॉर्मलिन प्लास्टिकला खातं.”

वसीलाने उशी छातीशी घेतली, खोकली, आणि मग सावकाश म्हणाली, “दवाखान्यातले सगळे नमुने प्लास्टिकच्या डब्यांतून जातात. त्यांत काय बदामाचं सरबत भरता? फॉर्मलिन काही खात नाही, लसआद. बरणीत फॉर्मलिन नाही हे नजाहला माहीत नाही, म्हणून ती डबी घेऊन ओतायला निघाली. ज्याने भरलं त्यालाच तेवढं माहीत.”

लसआद खुर्चीत बसला. 

६

“माझी बहीण त्याच्या घरात आहे,” तो म्हणाला. “तिची पोरं आहेत. दगड सगळ्यांनी पाहिला होता, दडवता आला नसता. म्हणून काचेची बरणी मागवली. म्हणून…”

“म्हणून माझ्याच सीलखाली पुरलास. हुशार आहेस.”

“लल्ला, तुमचं हृदय मी थांबवलं आणि परत चालू केलं. मी त्याबद्दल कधी काही मागितलं?”

हा घाव मात्र बसला. वसीलाला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. “नाही मागितलंस. नमाजेत तुझं नाव घेईन, मरेपर्यंत घेईन. कोर्टातही घेईन. दोन्हीकडे घेईन!”

लसआदने मान वर केली. आता त्याच्या डोळ्यांत थोडी धिटाई आली होती. “कोर्टात काय दाखवाल? मी हे इथे बोललो ते तिथे बोलणार नाही. सिमेंट तर गेलं.”

“कुठे गेलं?” वसीला म्हणाली. “मी याच शहरात वाढले, बाबा. मिठागरं बघत मोठी झाले. मीठ पाण्यात विरघळलं म्हणून मीठ जातं का? ऊन पडलं की परत येतं. तू माझा पुरावा नाहीसा नाही केलास. झाकण लावून, सीलमध्ये घालून जपून ठेवलास. सी तय्यब साक्षीला आहे की त्यातला एक थेंब बाहेर गेलेला नाही.”

लसआद बरणीकडे बघत राहिला. या वेळी त्याला ते टाळता आलं नाही.

७

कोर्टाच्या तज्ज्ञाने दोन्ही बाजूंच्या वकिलांसमोर सील फोडलं आणि आतलं सगळं काचेच्या ताटलीत ओतून गच्चीवर उन्हात ठेवलं. वास उडाला, पाणी उडालं, आणि ताटलीत राहिली एक कडक, पारदर्शक चकती. तिच्यातून वर्तमानपत्र वाचता येत होतं.

“मणक्यात भरायचं चांगलं सिमेंट असं सुकलं असतं तर चकती पांढरी झाली असती,” तज्ज्ञ म्हणाला. “त्यात एक भुकटी असते. फोटोत चमकते ती तीच. यात ती नावालाही नाही. हे मणक्यात भरायचं सिमेंट नव्हे. सीमेपलीकडून चोरटं येणारं स्वस्त प्लास्टिक आहे. डॉक्टर सुई टोचतो तेव्हा हे कुठे वाहत चाललंय ते त्याला पडद्यावर दिसतच नाही.”

वसीला चाकाच्या खुर्चीत बसून ऐकत होती. म्हणजे मुंधिर आतून स्वस्तातलं भरायचा आणि वरून फोटोपुरतं चांगलं लावायचा. दुधात पाणी घालणारा गवळी बरा. तो निदान विष घालत नाही.

मुंधिर मात्र अजून हसत होता. “चूक झाली असेल. माल देणाऱ्याने फसवलं असेल मला. बाई जिवंत आहे, समोर बसलेय. दंड भरतो.”

न्यायाधीशाने वसीलाकडे पाहिलं. “लल्ला, तुमच्यापुरतं हे सिद्ध झालं. पण बहिणीचं म्हणाल, तर ती मातीत आहे. तिथे पुरावा कुठला?”

“आहे ना,” वसीला म्हणाली. “माणूस मातीत जातो, साहेब. मांस जातं, रक्त जातं. पण हे प्लास्टिक मातीत कुजत नाही. माझ्या बहिणीच्या बरगड्यांमध्ये अशीच एक फांदी पडलेली असेल, जशीच्या तशी. कबर उघडायची परवानगी द्या.”

कोर्टात कुजबुज उठली. कबर उघडणं म्हणजे काय ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. न्यायाधीश इनासकडे वळला. “तुम्ही मुलगी आहात. तुमची संमती लागेल.”

वसीलाने मान खाली घातली. ही पोर नाही म्हणेल, आणि नाही म्हणायचा तिला हक्क आहे, हे तिला माहीत होतं.

इनास उभी राहिली.  ती न्यायाधीशाकडे बघत नव्हती, मुंधिरकडे बघत होती. “आईचे पाय तुम्ही धरले होते त्या दिवशी,” ती त्याला म्हणाली. “जनाजा उचलताना रडला होतात. उघडा साहेब. माझी संमती आहे. पण कबरीपाशी यांनाही उभं करा. पहिलं फावडं यांच्या हातात द्या.”

मुंधिरचं हसू गेलं. त्याने रुमाल काढला, कपाळ पुसलं, वकिलाकडे पाहिलं. वकील दुसरीकडे बघत होता. शेवटच्या बाकावर बसलेल्या लसआदने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं.

“नको,” मुंधिर म्हणाला. आवाज इतका बारीक होता की न्यायाधीशाने त्याला परत बोलायला लावलं. “कबर उघडू नका. सापडेल. ती गेली त्याच संध्याकाळी मला कळलं होतं. सापडेल तिथे.”

पोलिसांनी त्याला नेलं तेव्हा दारातच त्याचा पट्टा काढून घेतला. वसीलाने मान वाकडी करून सगळं पाहिलं, शेवटपर्यंत. तिला आनंद झाला. खोटं कशाला बोला, फार आनंद झाला. सूडाने पोट भरत नाही म्हणणारे लोक एक तर उपाशी मेलेले असतात किंवा त्यांना बहीण नसते.

लसआदही गेला, वेगळ्या गाडीतून. त्याच्याकडे मात्र तिला बघवलं नाही.

बाहेर पायऱ्यांपाशी इनासने खुर्ची थांबवली. ती रडत होती, आणि हसतही होती. “शुक्रवारी जायचं ना आईकडे? काय सांगशील तिला?”

वसीलाने भाचीचा हात धरला. “सांगेन, झोप गं बाई निवांत. आता तुला उठवायला कुणी येणार नाही.”